एकाच चिपचे दोन फोन

२३ एप्रिल २०१८ रोजी आसुस या तैवानी कंपनीने दिल्लीत झेनफोन मॅक्स प्रो एम१ बाजारात आणला आणि दहा-पंधरा हजारांत फोन शोधणाऱ्या गिऱ्हाइकाची चांगलीच पंचाईत झाली. सव्वादोन महिने आधी, १४ फेब्रुवारीला, शाओमीचा रेडमी नोट ५ प्रो आलेला होता. दोन्ही फोनांत क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ६३६ हीच चिप. दोन्हींचा पडदा ५.९९ इंचांचा आणि २१६० बाय १०८० पिक्सेलांचा. दोन्हींत ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज मिळत होते. मागे दोन-दोन कॅमेरे, पाठीवर बोटाच्या ठशाचा सेन्सर, चार्जिंगला जुनीच मायक्रो यूएसबी पिन. वजनात फरक होता तो जेमतेम एका ग्रॅमचा.

किंमत मात्र सारखी नव्हती. रेडमीचा ४ जीबीचा फोन १३,९९९ रुपयांना निघाला होता, आसुसचा १२,९९९ ला. १ मेपासून शाओमीने आपली किंमत हजार रुपयांनी वाढवली. एप्रिलमध्ये सरकारने सुटे भाग बसवलेल्या सर्किट बोर्डांवर दहा टक्के आयात शुल्क लावले होते, रुपयाही घसरत होता. त्यामुळे फरक थेट दोन हजारांवर गेला. शिवाय आसुसकडे ३ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेजचा १०,९९९ रुपयांचा धाकटा भाऊही होता.

दोन हजारांचा हा प्रश्न किरकोळ नव्हता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाले, डेटा स्वस्त झाला आणि ज्या घरांत कधी संगणक आला नव्हता तिथे स्मार्टफोन हाच पहिला संगणक म्हणून शिरला. पैसे पाठवणे, वीजबिल भरणे, मुलांचा अभ्यास, बाजार समितीतले भाव, भावकीच्या ग्रुपवरचे निरोप, सगळे त्या एका यंत्रावर. असा फोन घेणारा माणूस तो दरवर्षी बदलत नाही. दोन-तीन वर्षे स्वतः वापरतो, मग आईला किंवा धाकट्या भावाला देतो. चाळीस हजारांचा फोन घेणाऱ्याची निवड थोडी चुकली तरी त्याच्या हातात बरा फोन असतोच. बारा हजारांच्या फोनात कंपनीने कुठे ना कुठे काटकसर केलेली असते, आणि ती नेमकी कुठे केली आहे हे गिऱ्हाइकाला स्वतःच शोधावे लागते.

या जोडीचा अभ्यास करण्याजोगा गुण हा की तिच्यात चिप आणि पडदा समान असल्यामुळे बाकीचे फरक स्वच्छ दिसतात. एरवी दोन फोनांची तुलना करताना इतक्या गोष्टी एकदम बदलतात की कशामुळे काय झाले ते कळत नाही. आणि त्या खरेदीला आता इतकी वर्षे लोटली आहेत की पुढे काय घडले तेही ठाऊक आहे.

स्नॅपड्रॅगन ६३६ मध्ये आठ कोअर होते, चार झटपट कामाचे आणि चार कमी विजेवर चालणारे. ही चिप घेऊन जगात सर्वांत आधी आलेला फोन रेडमी नोट ५ प्रोच. दोन महिन्यांनी तीच चिप आसुसने स्वस्तात दिली. त्यामुळे ‘यातला फास्ट कोणता’ या दुकानात सर्वांत आधी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘दोन्ही सारखेच’ एवढेच होते.

चिपच्या नावातला आकडा कसा चकवतो याचा अनुभव शाओमीच्या गिऱ्हाइकांना त्याआधीच आला होता. मार्च २०१६ मधल्या रेडमी नोट ३ मध्ये स्नॅपड्रॅगन ६५० होती. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या रेडमी नोट ४ मध्ये ६२५. फोन नवा आणि चिपचा आकडा लहान! तक्रार अगदीच निराधार नव्हती. ६५० मध्ये दोन दमदार कॉर्टेक्स ए७२ कोअर होते, ६२५ मध्ये आठही कोअर साधे ए५३. जड अॅप उघडताना जुनाच फोन चपळ ठरत असे. पण ६५० ही २८ नॅनोमीटरच्या जुन्या पद्धतीने बनलेली होती आणि ६२५ ही १४ नॅनोमीटरच्या. ट्रान्झिस्टर लहान झाले की त्यांची उघडझाप कमी विजेत होते, शिवाय नव्या रचनेत बंद अवस्थेतली गळतीही घटते. बॅटरी ४,०५० वरून ४,१०० एमएएचवर गेली होती, म्हणजे जवळपास तेवढीच. तरीही नोट ४ चार्जरपासून कितीतरी जास्त वेळ दूर राहू शकत होता आणि तापतही कमी होता. पहिल्या सहा महिन्यांत भारतात पन्नास लाख नोट ४ विकल्याचे शाओमीने जाहीर केले. लोकांनी आकडा सोडला आणि दिवसभर पुरणारा फोन उचलला, आणि ते योग्यच केले.

बॅटरीकडे आता नीट पाहायला हवे, कारण या जोडीतला सर्वांत मोठा उघड फरक तोच. रेडमीत ४,००० एमएएच, आसुसमध्ये ५,०००. एमएएच हा आकडा एकट्याने फार काही सांगत नाही. तो चिप, पडदा आणि सॉफ्टवेअर यांच्या खर्चाशी लावून पाहावा लागतो. इथे चिप एक, पडदाही जवळपास एक, म्हणून तुलना सरळ होते. ३.८५ व्होल्ट धरले तर रेडमीत सुमारे १५.४ वॅट-तास वीज मावते आणि आसुसमध्ये सुमारे १९.३. पाऊण दिवस आणि पूर्ण दिवस यांतले हे अंतर आहे. एसटीने जिल्ह्याच्या गावी जाऊन रात्री परतणाऱ्या माणसाला ते पहिल्याच आठवड्यात जाणवते.

पण खरा फायदा पहिल्या आठवड्यात दिसतच नाही. लिथियम-आयन बॅटरी साधारण पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची क्षमता मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास उतरते. रोज चार्जिंग करणाऱ्याकडे हे दीड-दोन वर्षांत होते. ५,००० चे ऐंशी टक्के म्हणजे ४,०००. म्हणजे आसुसची दमलेली बॅटरीही रेडमीच्या कोऱ्या बॅटरीएवढी वीज धरते, आणि त्याच वेळी रेडमीत उरतात ३,२००. त्यातही मोठी बॅटरी कमी वेळा भरावी लागते, म्हणून तिचे पाचशे फेरे उशिरा संपतात. स्वस्त फोन घेताना पाहिलेली मोठी बॅटरी अशी तिसऱ्या वर्षी कामी येते. याची किंमत मोजावी लागली ती चार्जिंगच्या वेळेत. दोन्ही फोनांबरोबर दहा वॅटचाच चार्जर येत होता, आणि एवढी मोठी बॅटरी त्यावर भरायला अडीच तासांहून जास्त लागत. झोपताना फोन लावून ठेवणाऱ्याला फरक पडत नव्हता. दुपारी अर्ध्या तासात फोन भरून हवा असणाऱ्याला पडत होता.

कॅमेऱ्यात पारडे उलटे फिरले. खोक्यावर आसुसचा मुख्य कॅमेरा १३ मेगापिक्सेलांचा होता आणि रेडमीचा १२. ‘किती मेगापिक्सेल’ एवढेच विचारणाऱ्याने आसुस पुढे आहे असे समजावे अशीच ही रचना. मात्र आसुसच्या सेन्सरवरचा एक पिक्सेल १.१२ मायक्रोमीटर रुंदीचा होता आणि रेडमीच्या सेन्सरवरचा १.२५. क्षेत्रफळ काढले तर रेडमीचा प्रत्येक पिक्सेल जवळपास पंचवीस टक्के मोठा भरतो आणि तितकाच जास्त प्रकाश गोळा करतो. दुपारच्या उन्हात हे कळत नाही. संध्याकाळी हळदीच्या मांडवात, गणपतीपुढच्या आरतीत, घरातल्या एका बल्बखाली ते कळते. पुढच्या कॅमेऱ्यातही रेडमीकडे २० मेगापिक्सेल होते, आसुसच्या ४ जीबीच्या फोनात ८ मेगापिक्सेल. आसुसने कॅमेऱ्याचे अॅपही स्वतः घडवले नव्हते. क्वालकॉमचे साधे अॅप तसेच बसवले होते. काटकसर इथे केली होती.

त्यातही एक पळवाट होती आणि ती पोरांनी लगेच शोधली. कॅमेऱ्याचे बारीकसारीक नियंत्रण दुसऱ्या अॅपला वापरू देणारी सोय आसुसने खुली ठेवली होती. त्यामुळे हौशी प्रोग्रामरांनी जुळवून घेतलेले गुगलचे कॅमेरा अॅप त्यावर थेट चालत असे. ते अॅप लागोपाठ अनेक फोटो काढून एकत्र करते आणि अंधारातला खरखरीतपणा घालवते. तोच सेन्सर, तीच काच, आणि फोटो ओळखू न येण्याइतका चांगला. रेडमीवर हेच करायला सुरुवातीला फोनच्या अंतर्भागात हात घालावा लागत होता. ज्याला अॅपची फाइल बाहेरून उतरवून टाकता येते त्याच्यासाठी हा मोठा गुण. ज्याच्या फोनमध्ये सगळे भाचा करून देतो त्याच्यासाठी हा गुण भाच्याच्या सवडीवर अवलंबून.

सिमकार्डाच्या ट्रेमधला फरक माहितीपत्रकात एका ओळीत संपतो, पण त्या काळात तो फार मोलाचा होता. रेडमीत दोन सिम किंवा एक सिम आणि एक मेमरी कार्ड, अशी निवड करावी लागे. आसुसमध्ये दोन्ही सिम घालूनही मेमरी कार्डाला वेगळी जागा होती. तेव्हा घरोघरी बँकेला दिलेला जुना नंबर एका सिमवर आणि जिओचा डेटा दुसऱ्या सिमवर अशी विभागणी झालेली होती. दोन्ही सिम चालू ठेवणाऱ्या रेडमीवाल्याला मेमरी कार्ड कायमचे पारखे झाले.

आणि जागेची टंचाई खरी होती. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नलने भारतातल्या ‘गुड मॉर्निंग’ संदेशांवर बातमी दिली होती. फुले, सूर्योदय आणि देवांची चित्रे पहाटेपासून इतकी फिरतात की त्यांनी फोन भरून बंद पडू लागले आहेत, हे गुगलच्या संशोधकांच्या लक्षात आले होते. त्याच बातमीत वेस्टर्न डिजिटल या कंपनीचा दाखला होता: भारतात तीनपैकी एका स्मार्टफोनधारकाची जागा रोज संपते, अमेरिकेत दहापैकी एकाची. गुगलने त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये ‘फाइल्स गो’ हे सफाईचे अॅप दिल्लीतूनच जगापुढे आणले होते, ते उगाच नव्हे.

म्हणूनच आसुसचा १०,९९९ वाला फोन दिसायला सर्वांत मोहाचा आणि घ्यायला सर्वांत धोक्याचा होता. ३२ जीबीतला मोठा हिस्सा सिस्टमच घेते. व्हॉट्सअॅप, बँकेचे अॅप, दोन-चार खेळ आणि वर्षभराचे फोटो यांनी उरलेला भरतो. मेमरी कार्डावर फोटो जातात, पण अॅप आणि त्यांचा पसारा आतल्या स्टोरेजमध्येच राहतो. जागा काठोकाठ भरली की फोन नुसता ‘जागा नाही’ म्हणून थांबत नाही, तो मंदही होतो. फ्लॅश मेमरीला नवे लिहिण्याआधी जुने मोठ्या तुकड्यांनी पुसावे लागते आणि त्यासाठी मोकळी जागा लागते. ती नसली की तीच ती माहिती इकडून तिकडे हलवत बसावे लागते. ‘फोन हँग होतो’ या तक्रारीमागे चिपपेक्षा भरलेले स्टोरेज कितीतरी जास्त वेळा असते. अशा वेळी दोन हजार वाचवण्यापेक्षा दोन हजार घालून ६४ जीबी घेणे शहाणपणाचे होते.

आता सॉफ्टवेअर, कारण या दोन फोनांतली सर्वांत खोल दरी तिथे होती.

आसुसने अँड्रॉइड ८.१ ओरिओ जवळपास गुगलने बनवले तसेच दिले. शाओमीने आपले एमआययूआय दिले, आणि तेही निघतेवेळी जुन्या अँड्रॉइड ७.१ वर बेतलेले. एमआययूआयमध्ये सोयी भरपूर. एकाच फोनवर दोन व्हॉट्सअॅप चालवणे, अॅपला कुलूप लावणे, कॉल रेकॉर्ड करणे, हे सगळे आयते मिळे. दुकानाचा नंबर आणि घरचा नंबर वेगळा ठेवणाऱ्या माणसाला दोन व्हॉट्सअॅपची सोय एकटीच फोन घ्यायला पुरेशी होती. बदल्यात बॅटरी वाचवण्याच्या भरात एमआययूआय मागे चाललेली अॅप बंद करून टाकत असे, आणि मेसेज आला तरी फोन हातात घेईपर्यंत त्याचा पत्ता लागत नसे. त्यासाठी प्रत्येक अॅपला आपोआप सुरू होण्याची परवानगी सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागे.

आणि जाहिराती. त्या फोनच्या स्वतःच्या अॅपमध्ये होत्या: फाइल मॅनेजरमध्ये, म्युझिक प्लेअरमध्ये, सुरक्षेच्या अॅपमध्ये. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूत जाहिरात का, हा राग रास्तच होता. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आसुसचा फोन दिल्लीत आला त्यानंतर दोनच दिवसांनी, २५ एप्रिल २०१८ रोजी, शाओमीचे संस्थापक लेई जुन यांनी वुहानमध्ये जाहीर वचन दिले की यंत्रांच्या विक्रीतला कंपनीचा निव्वळ नफा कधीही पाच टक्क्यांपलीकडे जाणार नाही. जुलैमध्ये ही कंपनी हाँगकाँगच्या शेअर बाजारात उतरली. फोनावर एवढे कमी कमवायचे तर उरलेली कमाई फोन विकल्यानंतर करावी लागते, जाहिराती आणि इंटरनेट सेवांतून. म्हणजे रेडमीची किंमत दोन हप्त्यांत होती: एक दुकानात, दुसरा रोज थोडा थोडा, डोळ्यांपुढे येणाऱ्या जाहिरातींच्या रूपात. प्रत्येक अॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘शिफारशी’ बंद केल्या की त्या बऱ्याच आटोक्यात येत. हे माहीत असलेल्याचा फोन स्वच्छ राही, माहीत नसलेल्याचा बाजार होई. ज्यांना असे खोदून सेटिंग शोधता येत नाही, वयस्क माणसे किंवा नुकताच फोन हाती आलेली माणसे, त्यांच्यावरच या पद्धतीचा सगळा भार पडतो. स्वस्त फोनच्या बाजारातली ही सर्वांत अन्यायाची गोष्ट आहे.

इथवर वाचणाऱ्याला वाटेल की आसुस जिंकला. जाणत्या मंडळींचे मत त्या उन्हाळ्यात बरेचसे तसेच होते. पुढच्या दोन वर्षांत चित्र बदलले.

भारतात झेन या नावाने फोन विकणाऱ्या टेलिकेअर नेटवर्क कंपनीने नावावरून आसुसला न्यायालयात खेचले, आणि मे २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आसुसला ‘झेन’ आणि ‘झेनफोन’ ही नावे वापरून भारतात फोन विकण्यास मनाई केली. त्यानंतर महिन्याभरात आलेला कंपनीचा नवा फोन नुसता ‘६झेड’ या नावाने निघाला, आणि तो बारा हजारांतला नव्हता. स्वस्त फोनांच्या रिंगणातून आसुस बाहेर पडत गेली. शाओमीने मात्र २०१७ च्या शेवटच्या तिमाहीत सॅमसंगला मागे टाकून भारतातला पहिला क्रमांक घेतलेला होता. तिला हा बाजार सोडून जायचे नव्हते.

त्याचा परिणाम जुन्या फोनांवरही झाला. आसुसने पुढच्या दोन अँड्रॉइड आवृत्त्या देण्याचे सांगितले होते. २०१९ मध्ये अँड्रॉइड ९ पाय मिळाली; २०२० मध्ये अँड्रॉइड १० आली ती चाचणीची आवृत्ती म्हणून, ज्याने त्याने फाइल उतरवून आपापल्या जबाबदारीवर टाकायची. रेडमी नोट ५ प्रोला अँड्रॉइड ८.१ आणि मग ९ मिळाली. पुढची अँड्रॉइड आली नाही, पण २०२० मध्ये त्याच पायवर बेतलेले एमआययूआय १२ आले. ज्या फोनला जाहिरातींवरून बोल लावले जात होते, त्याच्याकडे कंपनी तिसऱ्या वर्षीही लक्ष देत होती. जाहिरातींतून कमाई होत असलेला जुना फोन चालू राहण्यात कंपनीचाही फायदा असतो, हे त्यामागचे एक कारण असणार.

दोन्ही फोनांना शेवटी हात दिला तो प्रोग्रामरांच्या स्वयंसेवी टोळ्यांनी. शाओमीच्या आतल्या नोंदीत ‘व्हायरेड’ आणि आसुसच्या नोंदीत ‘एक्स००टीडी’ अशी या फोनांची नावे होती, आणि त्या नावांनी नव्या अँड्रॉइडच्या आवृत्त्या ही मंडळी फुकट तयार करून देत राहिली. कंपनीने सोडून दिल्यावरही हे फोन त्यामुळे वर्षानुवर्षे चालले. पण अशी आवृत्ती टाकली की काही बँकांची अॅप चालेनाशी होतात, आणि ज्याचा फोन हेच पासबुक आहे त्याला हे परवडत नाही.

मग २०१८ च्या मे महिन्यात कुणी काय घ्यायला हवे होते? दिवसभर बाहेर राहणारा, दोन सिम आणि मेमरी कार्ड तिन्ही हवे असणारा, फोटोंचा फारसा नाद नसलेला माणूस असेल तर ४ जीबीचा आसुस, आणि त्याबद्दल शंका नको. मुलांचे फोटो काढायचे आहेत, एकाच फोनवर दोन व्हॉट्सअॅप हवे आहेत, आणि घरात एक जण तरी सेटिंगमध्ये शिरून जाहिराती बंद करू शकतो, तिथे रेडमी. दोन हजारांचा फरक तीन वर्षांवर पसरला तर महिन्याला पंचावन्न-छप्पन्न रुपये पडतो. तेवढ्या रकमेसाठी आपल्या कामाची गोष्ट सोडू नये आणि बिनकामाच्या गोष्टीसाठी तेवढीही देऊ नये.

यात एक हिशेब माहितीपत्रकाबाहेरचा आहे. पडदा फुटला तर तो कुठे बदलून मिळेल? पुण्या-मुंबईत याचे उत्तर सोपे असते. तालुक्याच्या गावी कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी आहे की विभागाच्या, यावर एक दिवसाची मजुरी आणि जाण्या-येण्याचे भाडे ठरते. गावातला मोबाइल दुरुस्त करणारा ज्या फोनचा पडदा आणि बॅटरी काउंटरखाली ठेवतो, तो फोन त्या गावात जास्त खपलेला असतो. त्याच्याकडे दोन मिनिटे उभे राहून ‘या मॉडेलचा डिस्प्ले मिळतो का, केवढ्याला’ एवढे विचारले तरी बरीच माहिती हाती लागते. खूप खपलेल्या फोनचे कव्हर आणि टेम्पर्ड ग्लासही कुठेही मिळते, आणि ही गोष्ट रेडमीच्या बाजूने फार मोठी होती.

त्या जोडीनंतरच्या वर्षांत किमतीचा हा पट्टाच सरकला. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, सुटे भाग महागले, ५जीची चिप फोनात आली. पैसे तेवढेच ठेवायचे तर कंपन्यांना काटकसरीच्या नव्या जागा शोधाव्या लागल्या, आणि पहिली जागा सापडली ती पडद्यात. २०१८ च्या या दोन्ही फोनांत एका इंचात सुमारे ४०३ पिक्सेल मावत होते. नंतर त्याच किमतीच्या कित्येक फोनांत ७२० बाय १६०० चा पडदा आला. साडेसहा इंचांवर तो इंचाला २७० च्या आसपास भरतो. बारीक मराठी अक्षरांची जोडाक्षरे आणि रफार त्यावर कमी रेखीव दिसतात. खोक्यावर मात्र ‘९० हर्ट्‌झ’ किंवा ‘१२० हर्ट्‌झ’ मोठ्या टायपात असते, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो ते. बोटाने सरकवताना तो मऊसूत वाटतो. वाचायला सेकंदाला १२० वेळा लागत नाही.

दुसरी जागा स्टोरेजची जात. ‘१२८ जीबी’ लिहिलेल्या दोन फोनांपैकी एकात ईएमएमसी असते, दुसऱ्यात यूएफएस. ईएमएमसी एका वेळी एकतर वाचते किंवा लिहिते. यूएफएस दोन्ही एकदम करू शकते आणि तिचा वाचण्याचा वेग काही पट जास्त असतो. अॅप अपडेट होत असताना फोन अडखळतो की नाही हे बरेचसे यावर ठरते. ‘८ जीबी अधिक ८ जीबी रॅम’ असे लिहिलेले असते तेव्हा दुसरे ८ जीबी रॅम नसतेच. स्टोरेजचाच एक तुकडा रॅमच्या मदतीला वापरलेला असतो, आणि ते स्टोरेज ईएमएमसी असेल तर मदत फार तोकडी पडते. कॅमेऱ्यांतही तेच. ५० मेगापिक्सेलांच्या एका कॅमेऱ्याशेजारी २ मेगापिक्सेलांची भिंगे संख्या वाढवण्यासाठी बसवलेली असतात.

पडदा आणि स्टोरेज यांच्यानंतर तिसरी तपासणी ५जीच्या बँडची. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले. शहरात मुख्यतः ३,३०० मेगाहर्ट्‌झचा एन७८ बँड वापरला जातो, आणि जिओकडे ७०० मेगाहर्ट्‌झचा एन२८ ही आहे, जो दूरवर आणि भिंतींच्या आत जास्त चांगला पोचतो. जिओचे ५जी ४जीच्या आधाराशिवाय स्वतंत्र चालते, म्हणून फोनलाही ती पद्धत यावी लागते. ज्यांच्या घरात रेंजसाठी खिडकीशी जावे लागते त्यांनी फोनच्या यादीत हे दोन्ही बँड आहेत का ते पाहावे. सेकंडहँड फोनचा विचार असेल तर त्याचा आयएमईआय क्रमांक ‘केवायएम’ या अक्षरांपुढे लिहून १४४२२ वर पाठवला की तो चोरीचा म्हणून नोंदलेला आहे का ते कळते.

आणि चौथी, अपडेटची. इथे चांगला बदल झाला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ ५जी या आपल्या मधल्या किमतीच्या फोनला सहा वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. २०१८ च्या गिऱ्हाइकाला दोन वर्षांचे तोंडी आश्वासन मिळत होते, त्यामानाने ही झेप मोठी आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोनांवर ऊर्जेचे लेबल सक्तीचे केले आहे. तिथे विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी आठशे फेऱ्यांनंतरही ऐंशी टक्के वीज धरणारी हवी, विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षे अपडेट हवेत आणि सात वर्षे सुटे भाग मिळायला हवेत.

भारतातही ही हालचाल सुरू झाली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्ती-सुलभतेचा निर्देशांक कसा असावा हे ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये आपला अहवाल दिला. फोन उघडायला किती पायऱ्या लागतात, सुटे भाग वाजवी वेळेत मिळतात का, दुरुस्तीची माहिती खुली आहे का, सॉफ्टवेअर अपडेट किती काळ मिळणार, अशा कसोट्यांवर गुण द्यावेत आणि ते विक्रीच्या ठिकाणी, ऑनलाइन पानावर आणि खोक्यावरच्या क्यूआर कोडमध्ये गिऱ्हाइकाला दिसावेत, अशी ती कल्पना आहे. बॅटरी, पडदा, चार्जिंगची पिन, कॅमेरे आणि स्पीकर हे समितीने आधी तपासायच्या भागांत धरले आहेत.